काकांच्या लेखावरची पाटी

गुरुग्रामच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते, काकूंचा फोन आला. "अगं, हे गेले..." एवढंच बोलल्या. गाझियाबादचे आमचे देशमुखकाका! सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर दर रविवारी यूपीएससीची तयारी करणाऱ्या मराठी मुलांना बैठकीच्या खोलीत बसवून ऑनलाइन ज्ञानकोशात मराठीतून लिहायला शिकवायचे. महिना उलटला, अजून पटत नाही. रविवारचं पुढे कोण चालवणार, हीच काळजी होती. आम्ही जुनी मुलं नोकऱ्यांत अडकलेली. "उद्या मुलं येणार ना गं?" काकू दर शनिवारी विचारायच्या, आणि मी विषय बदलायचे.

माझा पहिला लेख गावच्या जत्रेवर होता. 'अप्रतिम', 'डोळ्यांचं पारणं फेडणारी', काय काय लिहिलं होतं! काका हसत सुटले. "जत्रा झकास आहे, पण ही माहिती छापून कुठे आलीय? तुझी आजी सांगते हे चालायचं नाही." मग जुनं गॅझेटियर सापडलं, विशेषणं उडाली, चारच ओळी उरल्या. "चलो, दाब बटण! दाब ना यार!" माझ्या चार ओळी जगजाहीर झाल्या आणि नाचले काका. पेढेही त्यांनीच आणले.

ते गेल्यावर आम्ही काय करावं? रडत रडत त्यांच्यावरच लेख लिहिला. 'ऋषितुल्य' हा शब्द माझा. दुसऱ्या दिवशी बघते तर लेखावर पाटी: 'वगळण्यासाठी प्रस्तावित. स्वतंत्र संदर्भ एकही नाही. लिहिणारी सगळी घरचीच माणसं.' खाली सही नसीमची. नसीम म्हणजे परभणीची, काकांची अगदी शेवटची विद्यार्थिनी. माझं डोकंच फिरलं. फोन लावला, "लाज नाही वाटली तुला?"

"ताई, लेख वाचून मीपण खूप रडले," ती म्हणाली. "पण काकांनी हा लेख ठेवला असता का? बिल्कुल नाही. त्यांच्यासाठीच नियम मोडला, तर नव्या मुलांना कुठल्या तोंडाने सांगायचं?"

हे ऐकलं आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू! अगं बाई, रविवार चालवणारी सापडली की! "नसीम, रविवारी तू शिकवायचंस," मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. काकांवरचा लेख आम्ही सगळ्यांनी मिळून काढून टाकला.

मागच्या रविवारी गेले, तर खोली भरलेली. नव्या मुलांच्या रांगेत चक्क काकू! इतकी वर्षं नुसता चहा पुरवला, आता त्यांना सांडग्यांवर लेख लिहायचा होता. 'माझ्या आईसारखे सांडगे कुणालाच जमत नाहीत,' हे पहिलंच वाक्य. नसीमने हळूच, पण पुरतं कापलं. काकूंनी कापलेल्या जागेकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि महिन्याभरात पहिल्यांदा खळखळून हसल्या.

"अगदी ह्यांच्यासारखी आहे मेली!"