मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर एकतीस वर्षं शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटवर बसत होते. तिथे त्यांच्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक होता आणि त्या ब्रेकवरच त्यांची सगळी ऐट उभी होती. ती सीट सोडायचं नाव नको. साखर वाढलीय हे ठाऊक होतं. पण तळव्यांची आग झाली की ते इंजिनच्या नावानं खडे फोडत.

या महिन्यात मात्र सगळे शिष्य एकजात ढ निघाले. जो बसेल त्याची गाडी गचका खाऊन बंद.

आज निवृत्त मुख्याध्यापिकेची पाळी होती. चौथ्यांदा गाडी बंद पडली.

"क्लच हळू सोडा, बाई! कितीदा सांगायचं?"

बाईंनी चष्मा सावरून खाली पाहिलं. "मास्तर, तुमचा पाय कुठंय?"

"कुठं म्हणजे? खाली टेकलाय."

"ब्रेकवर टेकलाय. चांगला दाबून. आणि त्यात चप्पलही नाही."

मास्तरांनी वाकून पाहिलं. चप्पल ऑफिसच्या पायरीवरच राहिली होती. त्यांना पत्ताच नव्हता!

बाईंनी त्यांना तडक डॉक्टरीणबाईंपुढे उभं केलं. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला लावून तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवला.

"टेकला की सांगा."

"तुम्ही सुरू तर करा."

"सात ठिकाणी टेकवून झाला."

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला.

"साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा खराब होतात. रोगाशी लढणारे शरीराचे रखवालदारही खवळतात, आत दाह म्हणजे सूज होते, आणि तो मारही नसांनाच बसतो."

"म्हणजे दंगा साखरेचा आणि लाठी नसांना?"

"अगदी. त्या दाहावरच्या औषधांचं संशोधन चालू आहे. तोवर साखर ताब्यात ठेवा, चाला, आगीवर गोळी देते. आणि तळवे रोज आरशात बघा."

"आणि माझी सीट?"

"गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. आहे ते राखू. पण ब्रेकवर हा पाय नको."

घरी येताच मास्तरांनी खिशातून शिकाऊ गाडीची किल्ली काढून थोरल्या सुनेपुढे ठेवली. तीही त्यांचीच शिष्या; आता शेजारच्या सीटवर ती बसते.

आता रोज सकाळी ते तळव्याखाली आरसा धरून बसतात आणि आतून बायको ओरडते, "अहो, मागचं बघितलंत? बाजूचं?" एकतीस वर्षं हे वाक्य त्यांचं होतं!

गाडीत ते मागच्या सीटवर मांडी ठोकून बसतात. परवा पुन्हा गाडी बंद पडली. बाईंनी वळून संशयानं पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मास्तर खुशीत म्हणाले. "दोन्ही पाय वर आहेत. ही चूक तुमची!"