पुढचा बी आठ

“अगं बाई, जावई इथंच फोन करणार, आणि तुझा हा डबा मुका!” रुक्मक्का रडवेल्या झाल्या होत्या. आमच्या रिसेप्शनिस्ट, मूळच्या निपाणीच्या. लेकीला सकाळीच येलहंक्याच्या नर्सिंग होममध्ये बाळंतपणासाठी आत नेलेलं. आमच्या कोरमंगलाच्या छोट्या ऑफिसात बाहेरचा प्रत्येक कॉल आधी अक्कांच्या फोनवर यायचा. आणि नेमकं त्याच सकाळी मी जुनं एक्सचेंज काढून कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारे फोन बसवले होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही भलतीच नवलाई होती.

“जुनंच जोडू या का परत?” राव सर, आमचे मालक.

“अर्धा दिवस जाईल, सर.”

“मग करा काहीतरी!”

मी आधी केवढी ऐट मारली होती! म्हटलं, एकाही फोनला सेटिंग करत बसायचं नाही. फोन चालू झाला की सर्व्हरला सांगतो, माझ्या नावाची फाइल दे. त्यात त्याचा एक्स्टेंशन नंबर आणि बाकी सगळं. फाइल मिळाली की गडी आपला आपण कामाला लागतो. याला ऑटो प्रोव्हिजनिंग म्हणतात. फोनचं नाव म्हणजे त्याच्या बुडाला चिकटवलेला मॅक ॲड्रेस: आकडे आणि ए ते एफ अक्षरं यांची लांबलचक माळ. आमचा नागपूरचा टेक्निशियन विलास फोन उलटे करून वाचत गेला, मी टाइप करत गेले.

बाकी सगळे फोन चालू झाले. अक्कांचा मात्र ढिम्म. केबल बदलली, फोन बंद-चालू केला. एकच रड, फाइल सापडत नाही.

“स्वल्प घाई कर की गं,” अक्का डोळे पुसत म्हणाल्या.

“विलास, अक्कांचा नंबर परत वाच.”

“... शेवटी शून्य, चार, सात, आठ, पुढचा बी आठ.”

माझं बोट ‘बी’वर गेलं आणि तिथेच थांबलं.

“थांब! पुढचा बी, का पुढचापण?”

“पुढचा बी म्हणजे पुढचा बी ना, मॅडम! आठावर आठ.”

“अरे देवा! मी पुण्याची रे! मला बी म्हणजे एबीसीडीतला!”

“मी तं बरोबरच सांगितलं होतं ना!”

लागोपाठ तोच आकडा फक्त अक्कांच्याच नंबरात होता. फाइलीच्या नावात घुसलेला फुकटचा बी मी खोडला. फोन परत चालू केला. पडद्यावर अक्कांचं नाव उमटलं आणि मी चक्क टाळ्या पिटल्या.

थोड्याच वेळात घंटा वाजली.

“हां... हां... सरी, सरी... अय्यो!” कानडीत हो-हो म्हणता म्हणता अक्कांनी रिसीव्हर छातीशी धरला. “पोरगी झाली!”

आम्ही ओरडलो. त्यांनी हात वर करून गप्प केलं.

“थांबा की! जुळं हाय. पुढची बी पोरगी!”

राव सरांनी म्हैसूरपाक मागवला. अक्का हसत होत्या, रडत होत्या, आणि त्या मुक्या डब्यावरून मायेने हात फिरवत होत्या.

म्हैसूरपाक खाता खाता मी नियम करून टाकला: तोच आकडा परत आला तर ‘डबल’ म्हणायचं.

“हाव मॅडम,” विलास म्हणाला, “मी बी तेच म्हणणार होतो.”