ताईचा टाका

पन्नाशी उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. थोरली म्हणजे ताई. दोघी बिनलग्नाच्या, खाली शिवणाचं दुकान, वर दोन खोल्या. ताई कापायची, धाकटी शिवायची. कपडा अंगावरून हलता कामा नये, हा ताईचा हट्ट. जिथे ताण येईल तिथे ती दुहेरी दोऱ्याने टाका घाली आणि वर दोन गाठी मारी. मग गिऱ्हाईक कितीही सुटो, शिवण सुटत नसे. आणि कपडा तयार झाला की त्यावरचे दोऱ्यांचे तुकडे एकेक करून वेचल्याशिवाय ती तो कुणाच्या हाती देत नसे.

अंगाच्या बाबतीतही तिचं धोरण झाकपाकीचंच. कॅन्सरमुळे धाकटीचा एक स्तन काढावा लागला, तेव्हा ताईने तिचं सगळं केलं, अगदी हातचं न राखता. पण पट्टी बदलताना हात जखमेवर आणि डोळे भिंतीवर. जखम भरली तशी तिने कापूस भरलेली गळाबंद चोळी शिवून दिली आणि विषय मिटला. म्हणजे ताईपुरता मिटला. धाकटी मात्र स्वतःच्याच घरात चोरासारखी पाठ फिरवून कपडे बदलू लागली. तिला याचा मनापासून राग येई, आणि राग गिळायची सवयही तिला चांगलीच होती.

मग एकदा दातांची डॉक्टरीण एक मोरपिशी जाकीट घेऊन दुकानात आली. संध्याकाळी ती मैत्रिणींबरोबर बर्लेस्क करायची: गाणं, थट्टामस्करी आणि लोकांना हसवत, खेळवत एकेक कपडा उतरवायचा नाच. जाकीट तिला एका झटक्यात सुटणारं हवं होतं. ताईने नाक मुरडलं, हाती फार कामं आहेत म्हणाली. धाकटीने ते डॉक्टरणीच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतलं. वर दिसायला मोठाली बटणं आणि आत नुसती टिचबटणं, अशी युक्ती तिने काढली. जन्मभर घट्ट शिवत आलेल्या बाईला सैल शिवण्यात भलतीच गंमत वाटू लागली.

एकीमागून एक बाकीच्याही मापं द्यायला येऊ लागल्या. कुणी जाडी, कुणी काटकुळी, कुणाच्या पोटावर ऑपरेशनचा व्रण. आरशासमोर आपल्याच पोटावर टिचकी मारून त्या हसायच्या, आणि धाकटी तोंडात टाचण्या धरून बघत राहायची. शेवटी एके दिवशी तिने विचारलंच, मला जमेल का. दाढ काढून घेण्यापेक्षा सोपं आहे, असं डॉक्टरीण म्हणाली.

धाकटीने स्वतःसाठी लाल जाकीट शिवलं. आत एका बाजूला टिकल्यांची कटोरी, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. कापूस नाही, कापड नाही, नुसता व्रण. एकदा तरी तिला त्या व्रणासकट ताठ उभं राहायचं होतं, आणि ताईने ते बघायला हवं होतं.

ताईला सांगितलं तेव्हा शब्दाने शब्द वाढला.

"जे झाकायला मी जिवाचं रान केलं, ते तू दिव्याखाली दाखवणार?" ताई म्हणाली, आणि तिने अबोला धरला. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र ती आवरून दारात उभी. परत एकटी कशी येशील, म्हणून येते, एवढंच बोलली. धाकटीला वाटलं, ताई निवळली. पडद्यामागे जाकीट घालून झाल्यावर ताईने, एक बटण ढिलं आहे म्हणत, अंगावरच सुई चालवली आणि मग ती समोर जाऊन बसली.

छोटंसं सभागृह, खुर्च्या भरलेल्या. धाकटी गळ्यात मापाची टेप अडकवून आली आणि स्वतःचीच मापं घेऊ लागली. कमरेला टेप पुरेना तसं तिने टेपलाच दटावलं; लोक पोट धरून हसले. हातमोजे गेले, घागरा गेला. राहिलं जाकीट. तिने झटका दिला. सुटलं नाही. दुसरा दिला. लोकांना वाटलं, हीही गंमतच. तिने बटणांमध्ये बोट घातलं आणि तिला दोरा लागला. दुहेरी. वर दोन गाठी.

कुणाचा हात, हे पाहायची गरज नव्हती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वाकून नमस्कार केला असता आणि आत गेली असती, तरी कुणाला काही कळलं नसतं. ती रंगमंचाच्या कडेपर्यंत आली.

"ताई," ती म्हणाली, "कात्री घेऊन वर ये."

हशा पिकला आणि ओसरला. ताई मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. त्या पर्समध्ये कात्री असते, हे धाकटीला ठाऊक होतं. मग ताई उठली, गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या चढली आणि तिने चष्मा लावला.

"हलू नकोस, लागेल," ती नेहमीसारखी म्हणाली.

"भिंतीकडे बघायचं नाही," धाकटी हळूच म्हणाली.

ताईने टाका कापला. जाकीट उघडलं. सभागृहात कुणी हसलं नाही.

कापलेल्या दोऱ्याचा एक तुकडा व्रणाला चिकटला होता. ताईने चष्मा नीट केला, वाकून पाहिलं, आणि तो दोन बोटांनी अलगद उचलला. मग जाकीट उतरवून तिने आपल्या हातावर घेतलं.

"जा पुढे," ती म्हणाली. "लोक थांबलेत."