गोल होऊ देण्याचा प्रामाणिक प्रयत्न

माझ्या मुलीच्या शाळेचा फुटबॉल संघ माझ्यामुळे हरत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. तो स्वतःच्या हिमतीवर हरत होता.

संघात मोजून अकरा मुली. बाकीच्यांना शनिवारी गणिताची ट्यूशन, आणि ज्या उंच त्या नेटबॉलवाल्यांनी पळवलेल्या. शेजारच्या शाळेत नुसत्या राखीव मुलीच अकरा! आमची इरा बचावात खेळायची, त्यामुळे तिला सामनाभर उसंत नसे. मोसमभर एकही सामना जिंकला नाही, तेव्हा तीन मुली संघ सोडायच्या गोष्टी करू लागल्या. आठ जणींचा संघ शाळा कशाला चालू ठेवेल? इरा घरी येऊन गप्प जेवायची. (ती गप्प बसली की आम्ही आधी थर्मामीटर शोधतो.)

शेवटी कोच फरीदांनी आम्हा पालकांना बोलावलं. "एकदा जिंकल्या की टिकतील. शनिवारी मुलींविरुद्ध तुम्ही खेळा आणि हरा. पण त्यांना कळता कामा नये!"

"हरायला काय लागतं?" मी छाती काढून म्हणालो आणि गोलकीपर झालो.

"नीट हर हं," सिंगापुरातल्या आमच्या टॅम्पिनीसच्या घरातून निघताना माझी बायको मुग्धा म्हणाली.

"अगं, मी आयुष्यात कधी बॉल अडवलाय का?"

पाचव्याच मिनिटाला इराची मैत्रीण श्वे लिन सुसाट आली. डावी बाजू मोकळी राहावी म्हणून मी उजवीकडे झेप घेतली. तिने उजवीकडेच मारला! बॉल माझ्या पोटात. पुढच्या वेळी मी जागचा हललोच नाही. बॉल थेट कपाळावर! तिसऱ्यांदा मी सरळ खाली बसून बुटाची नाडी बांधायला घेतली, तर बॉल पाठीवर आपटून बाहेर.

"अरे, काय करतोयस काय?" मुग्धा काठावरून ओरडली.

"काहीच करत नाहीये! तरी अडतोय!"

आता बॉल मुलींच्याच पायात द्यावा म्हणून मी तो जोरात लाथाडला. तो उंच गेला, पुढे आलेल्या त्यांच्या गोलकीपरच्या डोक्यावरून टप्पा घेतला आणि जाळ्यात! गोल! माझा! माझी सहकारी मंडळी माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मी कुणाचं तरी लग्न मोडलंय.

शेवटच्या मिनिटाला मुलींना पेनल्टी मिळाली. मारायला इरा. निदान बरोबरी तरी व्हावी म्हणून मी हळूच मराठीत म्हणालो, "इरा, डावीकडे मार. मी उजवीकडे पडतो."

तिने डोळे वटारले. "म्हणजे तुम्ही सगळे मुद्दाम हरताय?"

"हरतोय कुठे, बाळा!"

तिने रागारागाने डावीकडे मारला. मी कबूल केल्याप्रमाणे उजवीकडे पडलो. पाय मात्र घसरून डावीकडेच राहिला आणि बॉल टाचेला लागून बाहेर. शिट्टी वाजली. आम्ही जिंकलो होतो!

इरा तरातरा आली. "बाबा, तू हरायचा प्रयत्न करत होतास?"

"हो."

"आणि तरी जिंकलास?"

"हो गं."

ती मटकन गवतावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. तिने मैत्रिणींना सांगितलं, मग अकराही जणी लोळायच्या बाकी राहिल्या. "अंकल, यू कान्ट इव्हन लूज लाह!" श्वे लिन तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. त्या दिवशी कुणीही संघ सोडला नाही. इरा जेवताना एवढी बोलली, की मुग्धाला वरण दोनदा गरम करावं लागलं.

पुढच्या आठवड्यात कोच फरीदांचा फोन. दोन नव्या मुली आल्या होत्या, आणि सरावाला समोर तेच अंकल हवेत असा सगळ्यांचा हट्ट होता.

आता दर शनिवारी मी गोलमध्ये उभा असतो. हरायचं बंधन नाही. त्यामुळे अगदी जीव तोडून, घाम गाळून, बॉल अडवायचाच म्हणून खेळतो.

गेल्या शनिवारी चौदा गोल झाले.