निळं पातळ लावावं

दोन हजार बावीस साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो. त्या वर्षी, चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, माझ्या हातून काम बिघडलं. मी हत्यार फडक्यात गुंडाळलं आणि कुणाला न सांगता घरी येऊन बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला कारखान्यातले माझे जोडीदार हणमंतण्णा आमच्या दारात. चपला काढल्या, आत आले आणि माझ्याकडे न बघता जेवणाच्या टेबलावरून तळहात फिरवला.

“मेघाताई, ह्याचा खिडकीकडचा पाय स्वल्प उंच आहे,” माझ्या सुनेला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “काय दत्तू, चहा मिळतो का तुझ्या घरात?”

त्यांच्या मराठीत ‘थोडं’ हा शब्दच नव्हता. स्वल्प असायचं. चार पिढ्या बंगळूरच्या, घर मल्लेश्वरमला, बोलताना अर्धं कन्नड तोंडात. हाताची खोड मात्र त्यांची एकट्याची. जे सपाट दिसेल त्यावर तळहात फिरवायचा. बँकेचा काउंटर, देवळाची पायरी, लग्नातला पाट, काहीही. यशवंतपूरला आमच्या कारखान्याजवळ उभ्यानं खायचं हॉटेल आहे. तिथल्या मालकाला हे रोज सांगायचे, “टेबल उजवीकडं उंच आहे हो, सांबार पळतंय.” शेवटी तो बिचारा हणमंतण्णा लांबून येताना दिसले की टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी सारायचा. आणि उजव्या हाताचा अंगठा कायम निळा. मुलीच्या लग्नात कन्यादानालासुद्धा निळाच.

निळा का, ते सांगतो. लेथ मशीनच्या खाली बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, लांब पाया असतो, त्याला बेड म्हणतात. जुन्या मशीनचा बेड झिजून वाकडा होतो. तो हातानं परत सपाट करायचा, हे आम्हा दोघांचं काम. एका पक्क्या सपाट प्लेटला निळा रंग लावायचा आणि ती प्लेट बेडवर घासायची. बेड जिथं उंच असेल तिथं निळे ठिपके उठतात. तेवढेच ठिपके स्क्रेपरनं खरवडायचे. पुसायचं, परत निळं, परत खरवडायचं. आठ-आठ, दहा-दहा दिवस. हे काम करणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. मी चौथी नापास आहे, पण माझ्या हातचा बेड परत आला असं कधी झालं नव्हतं. हे मी लोकांना सांगत असे. न विचारताही सांगत असे.

मी कोल्हापूरकडून आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि तोंडानं फटकळ. पहिल्या आठवड्यात एक बेड बघून मी ऐटीत म्हणालो, “हा सगळाच वाकडा आहे.”

पलीकडच्या बाकावरून हणमंतण्णा म्हणाले, “सगळा? कुठं?”

“सगळाच म्हणतोय ना.”

“सगळा म्हणजे कुठंच बघितलं नाहीस. दाखव बोट ठेवून.”

मला दाखवता आलं नाही. चार माणसं हसली. त्या दिवसापासून मी त्यांना गुरू मानलं असं लिहिलं तर खोटं होईल. मी दोन वर्षं त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. पण ‘कुठं’ हा शब्द कानात बसला. कुणी म्हणालं, माझं नशीबच फुटकं, की हे विचारणार, “कुठं?” कुणी म्हणालं, घरात कुणी मान देत नाही. “कुठं? जेवायला बसताना की उठताना?” माणूस चिडायचा आणि चिडता चिडता नेमकी एक जागा सांगून बसायचा.

एकदा मी त्यांना डिवचलं. “अण्णा, तुम्हाला बरं आहे. तुमच्या डोक्यात कधी वाईट येतच नाही.”

ते स्क्रेपरला धार लावत होते. थांबले नाहीत. “माझा थोरला भाऊ इंजिनियर, सरकारी कारखान्यात. घरी पाहुणे आले की वडील सांगायचे, हा माझा मोठा, इंजिनियर. मग माझ्याकडं बघून म्हणायचे, आणि हा पण आहे.” धार अंगठ्यावर तपासली. “चाळीस वर्षं झाली. रोज सकाळी दाढी करताना ऐकू येतं, हा पण आहे.”

“मग?”

“मग मी विचारतो, कुठं कमी? स्वल्प गप्प बसतं. उद्या परत येतं. सरी, ठीक आहे, येऊ दे. मी परत विचारतो.”

हे त्यांनी एकदाच सांगितलं, परत नाही.

आता माझं. त्या वर्षी एक जुना बेड आला होता. मी आठ दिवस खरवडलं आणि रोज तो जास्तच बिघडत गेला. निळं लावावं तर सगळीकडं ठिपके. खरवडावं तर परत सगळीकडं ठिपके. नवव्या दिवशी सुमा मॅडम आल्या. मालकांची मुलगी, आता कारखाना तीच बघते. तिनं बेडवर सरळ पट्टी ठेवली, खालून उजेड येतो का ते बघितलं. एक ताडपत्री आणून बेडवर झाकली. मेलेल्या माणसावर चादर घालतात तशी. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी दोन उलट घातल्या असत्या आणि कामाला लागलो असतो.

घरी आलो आणि मला बसवेना. गॅलरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गॅलरी. मुलगा म्हणे, “बाबा, जरा बसा ना, माझा कॉल चालू आहे.” मग खाली. मेट्रोत बसून इंदिरानगरला जायचो, फलाटावरच वळायचो, परत यायचो. डब्यात बसलो तरी डोकं चालूच. तू कधी कारागीर नव्हतासच. लोक तोंडावर बोलले नाहीत इतकंच. आधीचे बेडसुद्धा हणमंतण्णांनी मागून नीट केले असतील. चौथी नापास माणसानं किती उड्या माराव्या? हे सगळं माझ्याच आवाजात. दुसरा कुणी बोलला असता तर मी त्याची कॉलर धरली असती.

आणि रोज चारला हणमंतण्णा. पहिल्या दिवशी मी चहा संपायच्या आत म्हणालो, “मला कुणाची सहानुभूती नको.”

“कोण देतंय? मी चहाला आलोय. तुझी सून आलं घालते. आमच्याकडं नुसती कॉफी.”

दुसऱ्या दिवशी, “कुठं बिघडलं रे?”

“सगळं. हात गेला माझा. मी संपलो.”

“हात दाखव.” मी दाखवला. त्यांनी माझा हात उलटा करून टेबलावर ठेवला, वाकून बघितलं. “थरथरत नाही. पुढं बोल.”

“अण्णा, तुम्ही जा आता.”

“सरी.” गेले. दुसऱ्या दिवशी चारला परत आले.

पाचव्या दिवशी खांद्याला पिशवी होती आणि खांदा एका बाजूला झुकलेला. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस बसमधून पाच किलोची लोखंडी प्लेट घेऊन आला होता. बीडाचा एक तुकडा, आणि निळ्याचा डबा. मेघाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. “लाव निळं.”

“मी हे काम सोडलंय.”

“सोडलंस तर भीती कसली? लाव.”

मी लावलं. बोटानं सारखं केलं. त्यांनी बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. फडक्यानं सगळं पुसून टाकलं. मग स्वतः बोट बुडवलं, प्लेटवर फिरवलं, तळहातानं ताणत नेलं. “आता बघ.”

“काय बघू? प्लेट कोरडीच ठेवलीत की.”

मला वाटलं, थट्टा करतायत. मेघा चहाचे कप घेऊन शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, “बाबा, आहे की निळं. सगळ्या प्लेटवर आहे.”

मी वाकलो. अगदी नाक टेकेल इतका वाकलो. मला करडं लोखंड दिसत होतं, बाकी काही नाही.

हणमंतण्णा खुर्चीत बसले. आवाज एकदम उतरला. “डोळे रे दत्तू. मोतीबिंदू असणार, माझाही काढला की. पातळ निळं तुला दिसत नाही, म्हणून तू जाड लावतोस. आणि जाड लावलं की उंच नाही तिथंसुद्धा निळं उठतं. चांगली जागा खरवडलीस तू आठ दिवस.” मग माझ्या कपाळाकडं बोट केलं. “आणि आता इथंही जाड लावून बसलास. सगळं वाईटच दिसणार. निळं पातळ लावावं. मग कळतं, चारच ठिपके होते.”

आता वाटतं, तिथंच त्यांचे पाय धरायला हवे होते. पण मी काय केलं? मी उठलो. म्हणालो, “माझे डोळे ठणठणीत आहेत. तुम्हाला माझी जागा हवी असेल तर तसं सांगा.” मेघानं चहाचे कप खाली ठेवले. मला माझी आई आठवत होती, शेवटी भिंत चाचपडत चालणारी. हात गेला हे मी पाच दिवस ओरडून सांगत होतो, आणि डोळे म्हणताच खरी भीती लपवायला भांडण काढलं होतं. हे त्यांना सांगितलं असतं तर ते नक्की म्हणाले असते, बघ, जागा सापडली. मी नाही सांगितलं.

त्यांनी प्लेट पिशवीत घातली. डबा तिथंच ठेवला. चपला घालताना म्हणाले, “ताई, चहा छान होता.”

दुसऱ्या दिवशी चार वाजले, साडेचार वाजले. कुणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मुलगा म्हणाला, “फोन करा ना त्यांना.” मी म्हणालो, “गरज असेल तर ते करतील.” असे दहा दिवस. रोज तीनपासून माझ्या येरझाऱ्या सुरू व्हायच्या. पावणेचारला मी गॅलरीत, चारला जिन्याच्या तोंडाशी, आणि कुणी विचारलं तर, हवा खातोय.

अकराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. सुमा मॅडम. हणमंतण्णा पहाटे गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.

मल्लेश्वरमला गेलो. अंगणात ठेवलं होतं. आंघोळ घातलेली, नवं धोतर, कपाळाला गंध. उजवा अंगठा निळाच. त्यांच्या मुलीनं मला बाजूला घेतलं. “काका, मी रोज आप्पांना म्हणायची, दत्तूकाकांना फोन लावून देते. ते म्हणायचे, नको. तो हट्टी आहे, आपल्या पायांनी येईल.”

स्मशानातून बाहेर पडताना सुमा मॅडमनं विचारलं, “कारखान्यात येता का दोन मिनिटं?” गेलो. तिनं ताडपत्री काढली. माझा बिघडलेला बेड. डाव्या टोकापासून अर्ध्याच्या थोडं पुढपर्यंत नवं खरवडलेलं. मला नीट दिसत नव्हतं, पण तळहात फिरवला आणि कळलं. पाण्यासारखं. मग मध्ये खडूची एक आडवी रेघ, आणि पलीकडं माझं बिघडवलेलं तसंच.

“अण्णा दहा दिवस रोज दुपारी ह्यावरच बसायचे,” ती म्हणाली. “मी म्हटलं, पूर्ण करून टाका. म्हणाले, रेघेच्या पलीकडचं दत्तूचं आहे. मी हात लावला तर भांडायला येईल.”

मी रेघेवर हात ठेवून उभा राहिलो. डोक्यात चालूच होतं. तुझ्यामुळं हा म्हातारा दहा दिवस वाकून बसला. तू त्याला घालवलंस. तू माणूसच वाईट. मग त्यांच्याच आवाजात आलं, कुठं? मी विचार केला. एक वाक्य. जागेबद्दलचं ते एक वाक्य, माझ्या टेबलापाशी बोललेलं. तिथं मी वाईट होतो. ते पुसता येणार नाही. पण बाकीची चव्वेचाळीस वर्षं त्या वाक्यात मावत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, मुलाला उठवलं नाही, आणि एकटाच डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. साडेसातलाच रांग होती. माझा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या मुलीनं मान वर न करता विचारलं, “काय त्रास आहे, अज्जा?”

तोंडात ‘सगळाच’ आलं होतं. ते गिळलं आणि डोळ्यांवर बोट ठेवलं.

“इथं,” म्हणालो. “बाकी कुठं नाही.”