कांद्याच्या चाळीतली सोलिना

न्हावऱ्यात कुणी गाडी घ्यायला निघालं की आधी नागसेन रणपिसेला सोबत न्यायचं, अशी रीतच पडून गेली होती. बैलबाजारात दात ओळखणारा माणूस बरोबर लागतो, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की बैलाचा जाणकार दहांतला एखादा बैल तरी पसंत करतो. नागसेनने नऊ वर्षांत एकही गाडी पसंत केली नव्हती.

तो रांजणगावच्या एका कारखान्यात मोटारीच्या दारांची रबरं तपासायचा. दार आणि चौकट यांच्यामध्ये बसते, ती काळी पट्टी. तपासून झालेल्या पट्ट्या खोक्यांत जायच्या आणि खोक्यांवर देशांची नावं असायची. मेक्सिको, थायलंड, दक्षिण आफ्रिका. परदेशी खोक्यांत दोनपदरी रबर, इथल्या खोक्यांत एकपदरी. ऑर्डरच तशी येई. या एका पदरावर नागसेनने जगाबद्दलची आपली सगळी मतं उभी केली होती. पुढे हातात मोबाइल आला आणि मतांना धुमारे फुटले. थाई माणूस थाई भाषेत गाडी दाखवी, अरब माणूस अरबीत, आणि नागसेन जेवताना दोघांनाही मान डोलवी. भाषा कळत नसे, पण बटणं कळत.

जगाचे त्याने दोन भाग केले होते. आपल्या हाताचे देश आणि उलट्या हाताचे देश. स्टिअरिंग डावीकडे असलेल्या देशांविषयी तो जास्त बोलत नसे. त्यांच्या गाड्या आपल्या काय कामाच्या? आपल्या हाताचे जे देश, त्यांची मात्र त्याने कुंडलीच मांडली होती. थायलंड शहाणा. जपान हुशार, पण आतल्या गाठीचा. चांगल्या गाड्या घरातच ठेवतो. ऑस्ट्रेलिया म्हणजे डोळे झाकून पोरगी द्यावी असं स्थळ. इंडोनेशियाची त्याला दया यायची. स्वतः नागसेन एका लग्नासाठी सोलापूरपर्यंत जाऊन आला होता. त्याच्याकडे चौदा वर्षांची मोटारसायकल होती आणि तिच्याविषयी त्याचं काहीही मत नव्हतं.

"अरे, पण ते एकपदरी रबर तूच पास करतो ना?" पिठाची गिरणी चालवणाऱ्या इमाम शेखने त्याला एकदा विचारलं होतं. दोघे एका बाकावर शिकलेले.

"इंडियाच्या मापाला ते बरोबरच असतंय," नागसेन म्हणाला. "चूक मापात हाय."

याच इमामचं त्याने दोनदा नुकसान केलं होतं. पहिल्यांदा शिरूरच्या शोरूममध्ये बसून त्याने विकणाऱ्या मुलीला विचारलं, की हीच गाडी ऑस्ट्रेलियात सहा एअरबॅगा घेऊन फिरते, मग इथं दोनच का? ती बिचारी पाणी आणते म्हणून गेली ती परत आलीच नाही. बुकिंग राहून गेलं. दुसऱ्यांदा इमामने जुनी गाडी घेतली, तर हे मॉडेल इंडोनेशियाने कधीच बंद केलंय, असं नागसेन बोलून गेला. इमामला तीन रात्री झोप लागली नाही. इंडोनेशियाने टाकलेली गाडी आपण घरात आणली, या विचाराने त्याने ती विसाव्या दिवशी विकून टाकली.

नागसेनच्या घरातही चारचाकी नव्हती. पैसे साठले होते, पण थायलंडमध्ये मिळते तशी 'टारोमा' गाडी आधी भारतात यायची होती. या सगळ्यात कुचंबणा व्हायची ती त्याच्या आईची, ताईबाईची. तिची धाकटी बहीण हौसाबाई तिकडे यवतजवळ कासुर्डीला दिलेली. सहा भावंडांत आता या दोघीच उरल्या होत्या. हौसाबाई दर चौदा एप्रिलला न्हावऱ्याला यायची, पण गेल्या वर्षी ती पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि कॉटला खिळली. ताईबाईचे गुडघे असे, की एसटीची पायरी म्हणजे तिला भिंत. अंतर पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर, पण मध्ये चौफुल्याला गाडी बदलायची. दीड वर्षात बहिणींची भेट नव्हती.

"तुझी ती टारोमा थायलंडवरनं निघाली का रं?" ताईबाई विचारायची.

"यंदा येती असं ऐकतोय."

"चालत येती का काय?"

यंदाच्या एका रविवारी कारखान्यात यंत्र बंद पडलं आणि नागसेनची पाळी दुपारीच सुटली. एरवी त्याची सुटी गुरुवारी. रविवारी तो दिवसभर बाहेर असे. घरी आला तर ताईबाईची खाट रिकामी.

"आई कुठंय?"

सुवर्णाने तव्यावरची भाकरी उलटली. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "कासुर्डीला गेल्यात."

"कशी?"

"इमामभावजींच्या गाडीनं."

"इमामकडं कुठंय गाडी?"

"हाय की. दोन महिने झालं. शेतात कांद्याच्या चाळीत ठेवत्यात, ताडपत्री टाकून." आणि मग सगळं सांगूनच टाकावं असं वाटून ती पुढे म्हणाली, "तुम्हाला कळू द्यायचं न्हाई असं ठरलंय. आत्याबाईंचा हा चौथा रविवार."

नागसेन ओट्यावर जाऊन बसला. त्याला राग आला नव्हता. त्याला लाज वाटत होती. लोक दारू लपवतात, कर्ज लपवतात. आपल्या बालमित्राने आपल्यापासून गाडी लपवली होती, तीही कांद्यात.

ऊन उतरल्यावर गाडी आली. सोलिना, आठ वर्षं जुनी, पांढरी. गल्लीत शिरतानाच इमामला ओट्यावर नागसेन दिसला आणि त्याने पन्नास पावलांवर ब्रेक मारला. खाली उतरून हात जोडले.

"नाग्या, पाया पडतो. काय बोलू नको. हीपण विकली तर महेजबीन मला घरात घ्यायची न्हाई."

पुढच्या सीटवर ताईबाई बसली होती. तिच्या मांडीवर बहिणीने दिलेली शेंगांची पिशवी होती. तिने काच खाली केली आणि मुलाकडे नुसतं बघितलं.

नागसेन गाडीभोवती फिरला. सोलिना! दक्षिण आफ्रिकेत हिला मागे कॅमेरा, थायलंडला डिझेल इंजिन, ऑस्ट्रेलियात गरम होणाऱ्या सीटा. सगळं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात आईने दार उघडून पाय खाली टेकले; गाडीतून उतरायला तिला कुणाचा हात लागला नाही.

"बरी हाय," तो म्हणाला.

इमामच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"बरी म्हंजी?"

"बरी म्हंजी बरी. चांगली हाय."

नऊ वर्षांत नागसेनच्या तोंडून असं कुणी ऐकलं नव्हतं. इमाम गाडीकडे बघू लागला, जणू तिच्या बॉनेटखालून धूर निघणार होता. दुसऱ्या दिवशी तो सोलिना शिरूरच्या गॅरेजमध्ये घेऊन गेला. मेकॅनिकने सगळं उघडून पाहिलं आणि काहीच दोष नाही म्हणून सांगितलं. तेव्हा तर इमामची खात्रीच पटली. मेकॅनिकलाही सापडत नाही म्हणजे दोष फारच आत असणार.

"डॉक्टर शेवटाला म्हणतो ना, काय खायचं ते खाऊ द्या, तसलं बोलला नाग्या," त्याने महेजबीनला सांगितलं. बुधवारी सोलिनाचा फोटो मोबाइलवर चढला. विकणे आहे. दौंडचं एक गिऱ्हाईक शनिवारी बघायला येणार होतं.

बातमी ताईबाईपर्यंत पोचायला एक रात्र लागली. गुरुवारी सकाळी तिने मुलाला समोर बसवलं.

"काय बोललास त्या इमामाला?"

"चांगलं बोललो."

"चांगलं बोलायला तुला कुणी सांगितलं व्हतं?"

"तूच बघत व्हतीस की डोळं वटारून!"

"मी म्हटलं गप बस. कवा न्हाई ते गोड बोलला, आन् माणूस घाबरला. रविवारी हौसी वाट बघणार हाय. मी यिती म्हणून सांगून आलीया. जा, आत्ताच्या आत्ता त्या गाडीला नावं ठेवून ये."

नागसेन चपला घालून निघाला. रस्त्यात त्याला मनातून जरा हलकं वाटत होतं, हेही खरं.

गिरणीत दळणाला आलेली चार-पाच माणसं डबे घेऊन बसली होती. सोलिना दारातच उभी होती, गिऱ्हाइकासाठी धुऊन ठेवलेली. नागसेनने तिच्या छपरावर थाप मारली.

"इमाम, हे असलं डबडं कुठनं आणलं रं?"

इमाम पट्टा सोडून बाहेर आला. "का? काय झालं?"

"काय झालं? मागं कॅमेरा न्हाई. साउथ आफ्रिकेत कॅमेऱ्याबिगर ही गाडी कुणी फुकट घ्यायचा न्हाई. ऑस्ट्रेलियात सीट गरम व्हती."

"आपल्याला सीट गरमच असती की, उन्हाळ्यात," डबेवाल्यांपैकी हौशीराम म्हणाला.

"तू मधी बोलू नको. मागच्या सीटला एसीची जाळी कुठंय? थायलंडमधी हाय. आरशाला मोटार न्हाई, हातानं ढकलावा लागतोय. रंगाचं तर बोलूच नका, जपानला हाच पांढरा मोत्यासारखा दिसतो. हा म्हंजी निव्वळ चुना."

इमामचा चेहरा हळूहळू उमलत चालला.

"आन् इंजिन?" त्याने जीव मुठीत धरून विचारलं.

"इंजिन चालतंय. पण थायलंडला डिझेलचं मिळतं, ते आपल्याला कोण देणार?"

"ब्रेक?"

"ब्रेक लागत्यात. पण लागल्यावर मागचा दिवा लुकलुकायला पायजे, तसा लुकलुकत न्हाई."

"बास, बास," इमाम म्हणाला आणि कित्येक दिवसांनी मोकळा हसला. "एवढंच ना? मला वाटलं काय तरी मोठं हाय, तू लपवतोयस. अरे, चार दिवस जीव खाल्लास माझा!" त्याने खिशातला मोबाइल काढला आणि दौंडच्या गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून तिथंच कळवलं. मग आत बघून ओरडला, "महेजबीन! ताईमावशीला निरोप दे, रविवारी सातला निघायचं!"

नागसेन अजून बोलतच होता, पण इमामने गिरणी सुरू केली आणि पुढचं काही कुणाला ऐकू आलं नाही.

घरी ताईबाई उंबऱ्यात वाट बघत बसली होती.

"ठेवली का नावं?"

"ठेवली. न्हेतोय रविवारी."

"सगळी ठेवलीस?"

"मलेशिया राहिलं. त्यानं गिरणी चालू केली."

ताईबाईने क्षणभर विचार केला. "राहू दे," ती म्हणाली. "परत घाबरला तर लागंल." आणि रविवारी नेसायचं लुगडं बघायला ती पेटीकडे वळली.