माझी चौकशी करायला आलेला माणूस

पुण्यातली नोकरी गेली तेव्हा जुलै महिना होता. आठ वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टींत खोट शोधायची आणि ती पद्धतशीर लिहून द्यायची. एका सकाळी मिटींगचं बोलावणं आलं, आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांची गरज उरली नाही असं एका हसऱ्या बाईंनी सांगितलं आणि दुपारी माझा लॅपटॉप आपोआप लॉक झाला. तीन महिने मी खोली धरून ठेवली. दसऱ्यानंतर दोन बॅगा आणि एक मॉनिटर घेऊन अमळनेरला घरी आलो.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणते, मीही नानाच म्हणतो. एसटीत माणसाची बदली होऊन तो शिंदखेड्याला जातो, फार तर सस्पेंड होतो. पण ज्याचं काही चुकलं नाही त्याला घरी पाठवतात, हे त्यांच्या डोक्यात काही केल्या शिरेना. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुन्हाकडथून काही गडबड ते नही व्हयनी ना?"

मी चिडलो. ताटावरून उठलो. आईनं भाकरी तशीच झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी चहा पिता पिता निकाल दिला. "कोनी इचारं ते सांगानं, घरूनच काम शे."

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. मी एकतीस वर्षांचा होतो, लग्न व्हायचं होतं, आणि आमच्याकडे नोकरी गेलेल्या मुलाकडे लोक आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात. तब्येत विचारतात आणि लवकर निघतात.

मग नाटक सुरू झालं. रोज नऊच्या सुमारास कॉलरचा शर्ट घालायचा, खाली घरातलीच पँट, आणि गल्लीकडच्या खिडकीत लॅपटॉप उघडून बसायचं. डोक्यावर हेडफोन. समोरच्या ओट्यावर एक अक्का शिलाई मशीन घेऊन बसतात, त्या माझं डोकं खिडकीत दिसलं की मशीन थांबवून पोरांना दटावायच्या, "ए, गलका करू नका, साहेबनी मिटींग चालू शे." मिटींग कसली? सकाळी पहिलं काम म्हणजे नोकऱ्यांच्या साईटवर आपल्या प्रोफाइलमधला एक पूर्णविराम काढायचा आणि परत टाकायचा. काही बदललं की तुमचं नाव यादीत वर येतं असं सगळे सांगत. मग अर्ज. तीच माहिती, तेच रकाने, शेवटी तोच प्रश्न की सध्याची कंपनी कोणती. दुपारपर्यंत वीस-पंचवीस अर्ज झाले की मी हेडफोन काढून जेवायला उठायचो. आई विचारायची, "झालं का काम?" तिला सगळं माहीत होतं, तरी ती असंच विचारायची. त्याचा मला राग यायचा, आणि तिनं विचारलं नाही तर जास्त यायचा.

मुलाखती कमीच. त्यातल्या निम्म्यांत समोर माणूसच नसायचा. पडद्यावर प्रश्न उमटायचा, एक हिरवा ठिपका लागायचा आणि त्या ठिपक्याकडे बघून दोन मिनिटं हसतमुखानं बोलायचं. माणूस असलाच तर तो अकराव्या मिनिटाला विचारायचा, "इथे थोडी गॅप दिसतेय?" एप्रिल-मेच्या उन्हात मुलाखतीच्या वेळी कूलर बंद ठेवावा लागे, कारण त्याची घरघर पलीकडे ऐकू जायची. आई बटणाजवळ उभी राहायची. माझं बोलणं संपलं की कूलर लावायची आणि मला टॉवेल द्यायची. मी तोंड पुसायचो, आणि ती निकाल विचारायची नाही.

जानेवारीत एकदा ऑफर आली होती. मी पत्र वाचून दाखवल्याबरोबर नानांनी पेढे आणले आणि गल्लीत वाटले. कशाचे विचारल्यावर, पोऱ्याला प्रमोशन मिळालं, असं सांगितलं. पंधरा दिवसांनी कंपनीचा मेल आला की भरती तूर्त थांबवली आहे. आठवडाभर नाना सकाळी फिरायला गेले नाहीत. तेव्हाच मी ठरवलं की पुढची ऑफर आली तर जॉईन होईपर्यंत घरात अक्षर बोलायचं नाही. माझी चूक म्हणाल तर ती ही.

मेमध्ये दुसरी ऑफर आली. पुण्याचीच कंपनी, पगार आधीपेक्षा कमी, पण चांगलं काम. या वेळी मी काहीही लपवलं नव्हतं. जुलैत नोकरी गेली, तेव्हापासून रिकामा आहे, सध्या आई-वडिलांकडे राहतो, सगळं फॉर्मात खरं लिहिलं होतं. एका ओळीत असंही होतं की पत्त्याची खातरजमा करायला आमचा प्रतिनिधी येऊ शकतो. जानेवारीतल्या कंपनीच्या वेळी हे सगळं फोनवरून झालं होतं, दाराचा फोटो काढून पाठवला की संपलं. मी खाली सही ठोकली आणि विसरलो.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मुलीकडचे लोक स्थळ ठरवण्याआधी मुलाच्या गावात गुपचूप माणूस पाठवतात. तो नाव सांगत नाही, गाव सांगत नाही, शेजारीपाजारी विचारतो की मुलगा कसा आहे. आणि गल्लीचा अलिखित नियम असा की अशा माणसाला वाकडं काही सांगायचं नाही. कुणाचं जमत असलेलं लग्न मोडायचं पाप कोण घेणार? पाच वर्षांपूर्वी मी सुट्टीवर आलो असताना असाच एक जण मला कोपऱ्यावर भेटला होता. आमच्या मागच्या आळीतल्या एका मुलाबद्दल विचारत होता. तो मुलगा दुपारपासून पीत असे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. मी म्हणालो, "एकदम सरळ मुलगा. सुपारीचं खांडसुद्धा नाही खात." लग्न झालं, आणि ती मुलगी वर्षाच्या आत पाचोऱ्याला माहेरी परत गेली. मला वाईट वाटलं, पण मी खोटं बोललो असं काही वाटलं नाही. सगळे तेच बोलतात.

कंपनीनं वैद्यकीय तपासणीला जळगावला जायला सांगितलं. घरी मी मित्राकडे जातो म्हणून सांगितलं. रक्त दिलं, छातीचा फोटो काढला, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो तर नाना ओट्यावर उभे. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, जो ते फक्त लग्नाकार्यात घालतात. मला बघून त्यांना हसू आवरेना.

"पाहुना येल व्हता," ते म्हणाले. "पुन्याकडना शे. तुन्ही चौकशी कराले."

मीही स्थळच समजलो. कबूल करतो, मलाही बरं वाटलं. पुढच्या महिन्यात जॉईन होईन, लगेच लग्नाचंही जमेल, असं मी त्या दोन मिनिटांत मनातल्या मनात मांडून टाकलं. आईनं त्या माणसाला चहा दिला होता, आग्रह करून भरीत-भाकरी खाऊ घातली होती. तो नको नको म्हणत होता म्हणे, पण आमच्याकडे पाहुण्याला उपाशी जाऊ देत नाहीत. नानांनी नाव-गाव विचारलं तर तो म्हणाला, पुण्याहून आलोय, जास्त सांगायची परवानगी नाही. नानांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पहिल्या खेपेला कोण सांगतं? जाताना त्यानं घराचा फोटो काढला तेव्हा तर नानांची खात्रीच झाली, मुलीच्या आईला घर दाखवायचं असणार.

पाच दिवसांनी कंपनीतल्या मुलीचा फोन आला. आवाज मऊ होता, आणि अशा आवाजाची मला आता धास्तीच बसली आहे. चौकशीच्या अहवालात आणि तुमच्या फॉर्मात फरक आढळले आहेत, ती म्हणाली. मी अहवाल मागितला. फार मागे लागल्यावर तिनं एक पान पाठवलं.

मी आठ वर्षं असेच अहवाल लिहीत आलो, तेव्हा वाचायला वेळ लागला नाही. फॉर्मात वय एकतीस, वडिलांनी सांगितलेलं एकोणतीस. फॉर्मात सध्या नोकरी नाही. वडील सांगतात की पुण्याच्या जुन्या कंपनीत कायम आहे, घरून काम करतो, नुकतंच प्रमोशन झालं. समोर राहणाऱ्या महिलेनंही हेच सांगितलं, शिवाय ती म्हणाली की मुलगा रोज सकाळपासून मिटींगमध्ये असतो, ती स्वतः बघते. वाहन स्वतःचं. खाली फोटो होता. आमचं घर, दारात शेजारच्या मास्तरांची पांढरी गाडी, आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून नाना उभे. पांढरा शर्ट. फोटोत ते इतके खूश दिसत होते की मला पान बंद करवेना.

मी जुन्या कंपनीचं सोडल्याचं पत्र पाठवलं, पीएफचं पासबुक पाठवलं, दहावीचा दाखला पाठवला. फोनवर त्या मुलीला समजावलं की आमच्याकडे लग्नाच्या चौकशीला लोक असंच बोलतात, नानांना वाटलं स्थळ आलंय. ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "सर, मला कळतंय. पण एका वेळी दोन नोकऱ्या करणारे लोक आम्हाला सापडतात, आणि तेही असंच काहीतरी सांगतात. आणि हे तर तुमच्या वडिलांनीच सांगितलंय ना?"

चार दिवसांनी मेल आला की ती जागा आता भरायची नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी तो खिडकीत बसूनच वाचला, हेडफोन लावून. समोर अक्कांनी मशीन थांबवलं होतं आणि कुणाला तरी बोटानं गप्प बसायला सांगत होत्या.

मला नानांवर ओरडायचं होतं. ते पान त्यांच्यापुढे ठेवून, बघा काय करून ठेवलंत, असं म्हणायचं होतं. दोन-तीनदा तोंडापर्यंत आलंही. पण मग मागच्या आळीतला तो मुलगा आठवायचा, आणि खिडकीतला माझा शर्ट आठवायचा. नानांनी नवं असं काहीच सांगितलं नव्हतं. दसऱ्यापासून मी रोज जे दाखवत होतो, तेच त्यांनी त्या माणसाला सांगितलं होतं.

मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

नाना मात्र वाट बघत राहिले. फोन वाजला की आधी ते उठायचे. आईला म्हणायचे, लोक आठ-पंधरा दिवस घेतात, घाई करून चालत नाही. पांढरा शर्ट धुऊन इस्त्री करून खुंटीला अडकवून ठेवला होता, कधीही बोलावणं येईल म्हणून. महिना उलटला तेव्हा एका सकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले. चहाचा कप नुसता हातात धरून होते.

"त्या पुन्यावाला पाहुनाना काही निरोप?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं दुसरीकडे जमलं, नाना."

त्यांनी मान हलवली. मग कपाकडे बघत, मला नाही, स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाले, "आपलं काय चुकनं, काही समजत नही. मी ते बठ्ठं चांगलंच सांगेल व्हतं."

"हो नाना," मी म्हणालो, "सगळं चांगलंच सांगितलंत."

नऊ वाजत आले होते. मी उठून कॉलरचा शर्ट चढवला आणि खिडकीत जाऊन बसलो.